सिनेमा न दाखवता माध्यमांतर शिकवू नका : मराठी अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य
आणि मराठी विभागांमधले माझे सहकारी प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

‘साहित्यकृतींचे माध्यमांतर’, म्हणजे कथा-कादंबरी-नाटक चित्रपटासारख्या दुसऱ्या माध्यमात कसं जातं याचा अभ्यास, हा घटक आपल्या काही विद्यापीठांनी अभ्यासक्रमात आणला, याचा मला मनापासून आनंद आहे. मराठी विषय घेतलेल्या मुलांसमोर त्यामुळे पटकथा, मालिका, नभोनाट्य, श्राव्यपुस्तकं अशी कामाची क्षेत्रं येतात. हा घटक मंजूर करून घेताना मंडळावरच्या मंडळींना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पना आहे. ‘आता मराठीच्या तासाला पिक्चर दाखवणार का?’ हा प्रश्न स्टाफरूममध्ये माझ्याही कानावर आलेला आहे.

या पत्रात मला एवढंच सांगायचं आहे, की होय, दाखवायला हवा. मी ज्यांच्याशी बोलले त्या बहुतेक महाविद्यालयांत तो दाखवला जात नाही. तास होतो तो असा : माध्यमांतराची व्याख्या, स्वरूप, प्रकार, भाषांतर आणि रूपांतर यांहून त्याचं वेगळेपण, मग नेमलेल्या कादंबरीचं कथानक, चित्रपटाचं कथानक, आणि शेवटी दोन रकाने आखून साम्य व भेद. परीक्षेत प्रश्न येतो, ‘माध्यमांतराची संकल्पना स्पष्ट करून तिचे स्वरूप विशद करा.’ उत्तर गाइडमधून येतं. कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, बसून उत्तरपत्रिका तपासताना एकच वाक्य गठ्ठ्यामागून गठ्ठ्यात भेटतं : ‘दिग्दर्शकाने मूळ कलाकृतीला योग्य न्याय दिला आहे.’ ते लिहिणाऱ्या मुलानं चित्रपट पाहिलेला नसतो आणि कादंबरीही वाचलेली नसते. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना दोन्हीशिवाय उत्तीर्ण होता येईल असा प्रश्न विचारतो.

‘न्याय दिला की नाही’ हा प्रश्नच आपण सोडून द्यावा, असं मला कळकळीनं वाटतं. तो विचारला की मूल पुस्तकाच्या बाजूनं किंवा सिनेमाच्या बाजूनं उभं राहतं, आणि पाहायचं थांबतं. काय ठेवलं, काय गाळलं, काय नवं घातलं आणि ते घालावं का लागलं, हे प्रश्न विचारले तर त्याला दोन्ही कलाकृतींत पुन्हा पुन्हा शिरावं लागतं. वर्गात हे कसं घडतं ते सांगते.

‘नटसम्राट’ घ्या. १९७० च्या डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशननं वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक रंगभूमीवर आणलं आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यातले निवृत्त नट अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. १ जानेवारी २०१६ ला महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला, त्यात अप्पासाहेब झाले नाना पाटेकर. आजच्या मुलांची अप्पासाहेबांशी पहिली भेट मोबाइलवरच होते. ‘कुणी घर देता का घर’ हे वाक्य त्यांनी रीलमध्ये ऐकलेलं असतं, बहुतेकदा भाड्याच्या खोलीवरच्या विनोदात. म्हणून मी आधी नाटक वर्गात मोठ्यानं वाचून घेते, मुलांनी भूमिका वाटून घ्यायच्या, आणि मगच चित्रपट. एका वर्षी चित्रपट चालू असताना मागच्या बाकावरची एक मुलगी नाटकाचं पुस्तक पुढून मागून चाळू लागली. तिला रामभाऊ सापडत नव्हता. विक्रम गोखल्यांनी केलेली ती भूमिका, अप्पासाहेबांचा जुना नट मित्र, नाटकात नाहीच. तो चित्रपटासाठी निर्माण केलेला आहे. ‘मग हा कशाला आणला?’ असं तिनं विचारलं, आणि पुढचा सगळा तास त्या प्रश्नावर गेला.

वर्गातून उत्तर आलं ते असं : नाटकात अप्पा आपल्याशी बोलतात. अगदी खरं आहे. रंगमंचावरचा नट स्वगत म्हणतो तेव्हा अंधारात बसलेला प्रेक्षक त्याचं म्हणणं ऐकून घेणारा असतो. नाट्यगृहाचा तो करारच आहे, त्याला कुणी विचित्र म्हणत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र माणूस एकटाच पानभर बोलू लागला की तो कुणाशी बोलतोय हा प्रश्न पडतो. पडद्याला ऐकणारा लागतो. तोही असातसा नको, रंगभूमीची भाषा जाणणारा, त्याच चढ्या सुरात उत्तर देऊ शकणारा हवा. म्हणून रामभाऊ. इस्पितळात मरणाच्या दारातला रामभाऊ आणि त्याच्याजवळ अप्पा, दोघं कर्ण आणि कृष्ण होऊन बोलतात, तो प्रसंग आठवा. नाटकातला अप्पासाहेब एकट्यानं जुन्या भूमिकांत शिरू शकतो. चित्रपटाला त्याच्यासमोर दुसरा नट उभा करावा लागला. हे एकदा कळलं की ‘नाटक व चित्रपट या माध्यमांतील फरक’ या मुद्द्यावर टीप पाठ करावी लागत नाही. मुलांनी तो फरक स्वतः शोधलेला असतो.

मग मागे जाता येतं. शिरवाडकरांच्या पाठीशी शेक्सपिअरचा लिअर राजा आहे. लिअर राज्य वाटून देतो, त्याला तीन मुली. बेलवलकर आपलं असलं नसलं एका मुलाला आणि एका मुलीला वाटून देतात. राज्याच्या जागी घर येतं, आणि राजाच्या जागी रंगमंचावरचा राजा. ‘जगावं की मरावं’ हे स्वगत तर लिअरचं नाही, त्याचं मूळ ‘हॅम्लेट’मध्ये आहे. म्हणजे शिरवाडकरांनी शेक्सपिअरला जसं वागवलं, जवळपास तसंच चित्रपटानं शिरवाडकरांना वागवलं : सांगाडा घेतला, माणसं बदलली, दुसरीकडचं आणून जोडलं. खुद्द शेक्सपिअरनंही लिअरची गोष्ट जुन्या बखरीतून आणि आधीच्या एका नाटकातून उचलली होती. हे ऐकल्यावर मुलांचा ‘मूळ’ या शब्दाभोवतीचा दरारा कमी होतो आणि वाचन धीट होतं. लिअरला सुनावणारा विदूषक आहे, केंट नावाचा एकनिष्ठ सरदार आहे. रामभाऊ त्यांच्या जवळचा वाटतो का, असं विचारलं की चांगली चर्चा होते. माझं स्वतःचं मत आहे की तो थोडासा केंट आहे, पण मुलं हे मान्य करत नाहीत आणि त्यांच्याकडेही कारणं असतात.

दुसरं उदाहरण मी जाणूनबुजून असं घेते की जे सगळ्यांना माहीत आहे असं सगळे समजतात. ‘श्यामची आई’. सानेगुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची रचना मुलांना आठवत नाही, कारण बहुतेकांनी पाठ्यपुस्तकातले सुटे उतारे वाचलेले असतात. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना आटोपली की मोठा झालेला श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. आई गेलेली आहे हे वाचकाला सुरुवातीपासून ठाऊक असतं. ‘श्यामचे पोहणे’ या रात्रीत पोहायला जायचं टाळून लपून बसलेल्या श्यामला आई झोडपून काढते. तो पोहून परत आल्यावर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. हा प्रसंग आपण वाचतो तेव्हा मार खाणारा मुलगा बोलत नसतो. आई हरपलेला प्रौढ माणूस त्या माराबद्दल कृतज्ञतेनं बोलत असतो. पुस्तकाचा सगळा गहिवर या अंतरात आहे.

सिनेमाला भूतकाळ नसतो. पडद्यावर जे दिसतं ते आत्ता घडतं. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट केला तेव्हा हे अंतर त्यांना वेगळ्या रीतीनं भरून काढावं लागलं. माधव वझे यांनी केलेला छोटा श्याम आपल्यासमोर प्रत्यक्ष वावरतो. पुस्तकात प्रौढ श्याम जे भाष्य करतो, त्यातलं पुष्कळसं आई झालेल्या वनमालांच्या चेहऱ्यावर जातं. मुलांना मी सांगते, पोहण्याच्या त्या रात्रीचा शेवटचा परिच्छेद हातात धरा, पडद्यावर त्यातलं एकही वाक्य ऐकू येत नाही तेव्हा काय दिसतंय ते लिहा. कुणी डोळे लिहितं, कुणी हात लिहितं, कुणी मध्येच थांबलेली शांतता लिहितं. हे लिहिताना मूल समीक्षा करत असतं.

याच चित्रपटात अत्र्यांनी लिहिलेलं ‘छडी लागे छमछम’ आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना हे गाणं तोंडपाठ आहे, पण ते ‘श्यामची आई’मधलं आहे हे वर्गात फार थोड्यांना माहीत असतं. पुस्तकात ते नाही. ‘भरजरी गं पितांबर’ हेही अत्र्यांचंच, वसंत देसाईंच्या चालीतलं. सानेगुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यांना यातलं काहीच पाहता-ऐकता आलं नाही. मायेनं वळण लावणाऱ्या पुस्तकावरच्या चित्रपटातून समाजानं आठवणीत ठेवलं ते छडीचं गाणं. असं का झालं असेल, यावर मुलं वादावादी करतात आणि मी त्यांना करू देते, कारण साहित्यकृती लोकांच्या तोंडी कशी पोचते, काय होऊन पोचते, हा आपल्या विषयाचाच भाग आहे.

अत्र्यांचा चित्रपट राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट ठरला, १९५४ मध्ये. अत्र्यांच्या चित्रपटानंतर सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, रंगीत सिनेमाच्या काळात कृष्णधवल. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्यात ओम भूतकर यांनी सानेगुरुजी केले आहेत. म्हणजे गोष्ट सांगणारा माणूस पडद्यावर परत आला. अत्र्यांनी लहान मुलाच्या सोबतीनं चालणं पसंत केलं, डहाक्यांनी लिहिणाऱ्या माणसालाच समोर आणलं. एक पुस्तक, दोन वाचनं. यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही, आणि तो शिकवायला प्रोजेक्टरखेरीज काहीही लागत नाही.

अभ्यासक्रमात हा घटक नवा दिसत असला तरी मराठी सिनेमा जन्मापासून साहित्याच्या बोटाला धरून चालला आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ केला तो हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ केला तो नारायण हरि आपट्यांच्या कथेवरून. हे दोन आपटे वेगळे, हे दर वर्षी फळ्यावर लिहावं लागतं. दुसऱ्या आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर प्रभात फिल्म कंपनीनं १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला, व्ही. शांताराम दिग्दर्शक, पटकथा स्वतः आपट्यांची. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लावून दिलेलं लग्न मान्य करत नाही. कादंबरीचं नाव एक मत सांगतं, चित्रपटाचं नाव डोळ्यांना दिसणारी वस्तू सांगतं. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. दाराचा, पावलांचा, घड्याळाचा आवाज ऐकू येतो, आणि वाद्यसंगीत आलंच तर ते पडद्यावर दिसणाऱ्या कशातून तरी. केशवराव दात्यांचे काकासाहेब आणि त्यांच्या घरातलं भिंतीवरचं जुनं घड्याळ यांची सांगड शांतारामांनी अशी घातली आहे, की वयाबद्दल कादंबरीकाराला जी पानं खर्ची घालावी लागतात ती लंबकाच्या हलण्यात मिटतात. कानांवर इअरफोन ठेवून जगणारी आजची मुलं हा चित्रपट सुरुवातीला चुळबुळत पाहतात. नंतर एकदा ‘फक्त आवाज लिहून काढा’ असं सांगितलं की तीच मुलं पुन्हा लावा म्हणतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा काढली आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ केला. दोन जाडजूड पुस्तकांतली गर्दी निळू फुल्यांनी केलेल्या पत्रकार दिगू टिपणीसाभोवती कशी बांधली, हे पटकथालेखन शिकू पाहणाऱ्यानं पानोपान तपासावं. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ला चित्रपटात ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत मिळालं, आणि गद्यातली ठाकरवाडी गाण्यांतून बोलू लागली. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर ‘उंबरठा’ झाला. स्मिता पाटील सगळ्यांना आठवते, शांता निसळ हे नाव मात्र मराठी घेऊन एम.ए. झालेल्यांनाही सांगावं लागतं. हे मला सलतं. श्रेयनामावलीतलं नाव मुलांनी वाचावं आणि ते पुस्तक ग्रंथालयात जाऊन मागावं, एवढं जरी या घटकातून साधलं तरी पुष्कळ झालं.

भाषेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथं आपण मराठीचे शिक्षक म्हणून सिनेमावाल्यांपेक्षा जास्त काही देऊ शकतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. कादंबरी सांगतो तो राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर. त्याची वाक्यं छोटी, कोरडी, माणदेशाच्या माळासारखी. धनगरांची बोली संवादात येते, मास्तरचं निवेदन प्रमाण भाषेत. या दोन भाषांमध्ये तो मास्तर आयुष्याचा तो काळ घालवतो, आणि वाडी त्याला हळूहळू आपला म्हणते. चित्रपटात निवेदनाची भाषा जाते, राहते ती बोली आणि राहतो तो माळ. कादंबरीतल्या कोरड्या वाक्याचं काम पडद्यावर उघडं रान करतं. आमच्याकडची कित्येक मुलं घरी एक मराठी बोलतात आणि उत्तरपत्रिकेत दुसरी लिहितात. ‘बनगरवाडी’ शिकवताना त्यांना आपला स्वतःचा अनुभव पुस्तकात दिसतो. आपली बोली पडद्यावर मानानं येऊ शकते, हे त्यांच्या लक्षात येतं तेव्हा वर्गातला त्यांचा आवाज बदलतो. हे मी पाहिलेलं आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, वेळ नाही. घटकाच्या तासिका मोजक्या आणि कलाकृती चार नेमलेल्या. मग चार नेमू नका. एकच नेमा. एक पुस्तक पूर्ण वाचून आणि त्यावरचा एक चित्रपट दोनदा पाहून मूल जे शिकेल ते चार कथानकांचे सारांश पाठ करून शिकणार नाही. पहिल्यांदा सलग पाहायचा, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत, पुस्तक मांडीवर घेऊन.

दुसरा आक्षेप हक्कांचा. महाविद्यालयात चित्रपट दाखवला तर कायद्यात अडकू, ही भीती मी प्राचार्यांकडूनही ऐकली आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, विद्यार्थी, कर्मचारी, पालक अशा मर्यादित प्रेक्षकांना चित्रपट दाखवण्याची सवलत दिलेली आहे. शिवाय आपल्याकडे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. त्या हिशेबानं ‘कुंकू’ आणि अत्र्यांचा ‘श्यामची आई’ हे चित्रपट, तसंच सानेगुरुजींचं पुस्तक, आज सर्वांसाठी खुलं आहे. ही माहिती अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतच एका परिच्छेदात छापा. खेड्यातल्या महाविद्यालयातल्या एकट्या शिक्षकाला तेवढ्या आधारावर प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाता येईल.

तिसरा, साधनं नाहीत. प्रोजेक्टर आहे पण तो कॉमर्सकडे असतो, ही तक्रार खरी आहे. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाचा दर्जा ठरवणाऱ्या तपासणीच्या, वेळी दाखवलेली स्मार्ट क्लासरूम नंतर कुलूपबंद असते, हेही खरं आहे. आपण मंडळानं घटकापुढे ‘चित्रपटदर्शन अनिवार्य’ असे शब्द घातले आणि त्यासाठी तासिका राखून ठेवल्या, तर कुलपाची किल्ली मागायला आम्हाला कागद मिळेल. पुण्याच्या आसपासच्या महाविद्यालयांना तर लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जवळ आहे, आणि जिथं ‘कुंकू’ चित्रित झाला तो प्रभातचा परिसर आज फिल्म इन्स्टिट्यूट म्हणून उभा आहे. शैक्षणिक सहल काढायची तर तिथं काढा.

चौथा आक्षेप सगळ्यात मोठा : परीक्षेत याचं मूल्यमापन कसं करणार? सरळ करता येतं. प्रश्नपत्रिकेत नाटकातलं किंवा कादंबरीतलं एक पान छापा आणि विचारा, ‘हा प्रसंग चित्रपटात कसा आला आहे? त्यातली कोणती वाक्यं राहिली, कोणती गेली, गेलेल्या वाक्यांचं काम पडद्यावर कशानं केलं?’ ज्यानं पाहिलं नाही त्याला हे लिहिता येणार नाही, आणि ज्यानं पाहिलं त्याला गाइडची गरज पडणार नाही. अंतर्गत गुणांसाठी नेमलेल्या पुस्तकातलं चित्रपटात न आलेलं एक पान घेऊन मुलांनी त्याची दोन पानी पटकथा लिहावी. कॅमेरा कुठं, आवाज कोणता, पहिलं काय दिसेल. हवं तर गटानं मोबाइलवर चित्रित करावं. आमच्या एका गटानं ‘श्यामची आई’तली ‘मोरी गाय’ ही रात्र घेतली. गाय एका मुलाच्या घरचीच होती. चित्रीकरण कच्चं झालं, पण निवेदन ठेवायचं की गाळायचं यावर त्या चौघांनी जो वाद घातला तो मला कुठल्याही शोधनिबंधापेक्षा मोलाचा वाटला.

काही सहकारी म्हणतात, सिनेमा दाखवला की मुलं पुस्तक वाचतच नाहीत. माझा अनुभव उलट आहे, पण त्याला क्रम महत्त्वाचा. आधी पुस्तक, निदान निम्मं तरी, मग चित्रपट, मग पुन्हा पुस्तक. चित्रपटानंतर मूल पुस्तकाकडे जातं ते काहीतरी शोधायला, जसा त्या मुलीनं रामभाऊ शोधला. वाचनाची सक्ती करून आपण आजवर जे मिळवू शकलो नाही ते या शोधण्यानं मिळतं.

तेव्हा मंडळांकडे माझ्या मागण्या पुन्हा स्पष्ट मांडते. माध्यमांतराच्या घटकात एकच साहित्यकृती आणि तिच्यावरचा एकच चित्रपट किंवा नाटक नेमा. जमेल तिथं ‘श्यामची आई’सारखी दोन रूपांतरं असलेली कलाकृती घ्या. चित्रपटदर्शनाच्या तासिका अभ्यासक्रमात लिहून द्या आणि कायद्याची सवलत छापा. संकल्पनेवरचा दीर्घोत्तरी प्रश्न काढून टाका, त्याजागी उताऱ्यावरचा प्रश्न घाला. नेमलेलं पुस्तक बाजारात मिळतं का, याची प्रकाशकाकडे चौकशी करूनच ते नेमा, कारण दुर्मीळ पुस्तक नेमलं की मूल पुन्हा गाइडकडेच वळतं.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचे आराखडे ठरवायला आपण बसाल तेव्हा हे पत्र टेबलावर असावं, अशी विनंती आहे. ‘नटसम्राट’, ‘श्यामची आई’ आणि ‘बनगरवाडी’ यांचे प्रसंगवार तक्ते मी तयार केले आहेत : पुस्तकातलं पान, चित्रपटातला प्रसंग आणि वर्गात विचारायचे प्रश्न. ज्या सहकाऱ्याला हवे असतील त्यानं मागावेत, जसे आहेत तसे पाठवीन. त्यात भर घालून ते परत पाठवले तर आणखी बरं.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारी प्राध्यापिका